होळी, वाघदेव आणि दहा आज्ञा : गावात राहून देवाचे नियम पाळताना

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागांतल्या ख्रिस्ती आदिवासी घरांतून दरवर्षी तेच प्रश्न येतात. होळीची वर्गणी द्यायची का? वाघदेवाला कापलेली कोंबडी भावाने वाढली तर खायची का? सासूबाई आजारी आहेत आणि दीर बुडव्याला, म्हणजे भगताला, घेऊन आले आहेत, आता काय करायचं? मुलाच्या लग्नात देज (वधूमूल्य) द्यावा का? जमातीच्या दाखल्यासाठी अर्ज करताना ख्रिस्ती असल्याचं सांगितलं तर दाखला जाईल का?

गोंधळ होतो, कारण माणसं दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण सगळंच सोडतात : ढोल, नातं, पंचांची बैठक, मयतीचं जेवणसुद्धा. काही जण सगळंच धरतात : रविवारी उपासना आणि अडचण आली की बुधवारी भगत. देवाच्या नियमशास्त्राला यातलं एकही टोक मान्य नाही. त्यात मनाई केलेल्या गोष्टी मोजक्या आणि स्पष्ट आहेत. तेवढ्या ठामपणे नाकारा. बाकी बोली, नातेवाईक, शेत, ढोल आणि ग्रामसभा जन्माने तुमची आहेत आणि तुमचीच राहू द्या.

आधी तीन प्रश्न विचारा

जुन्या करारातली प्रत्येक आज्ञा तुम्हाला इस्राएल लोकांसारखी लागू होते असं नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये हाच वाद यरुशलेमेत सुटला. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं ओझं घालायचं नाही, असं तिथे ठरलं. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गुदमरून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि व्यभिचार यांपासून मात्र त्यांना दूर राहायला सांगितलं. याच्या जोडीला निर्गम २० मधल्या दहा आज्ञा आणि शकुन, मंत्रतंत्र, मेलेल्यांकडे विचारणा यांना मनाई करणारा अनुवाद १८ हा अध्याय ठेवा. रोजचे बहुतेक निर्णय एवढ्यावर होतात.

कोणतीही रीत समोर आली की विचारा :

१. यात दुसऱ्या कोणाला देव मानून नमन, नवस, बळी किंवा अर्पण आहे का?
२. यात भीतीपोटी किंवा पुढचं कळावं म्हणून एखाद्या शक्तीला साकडं घातलं जातं का?
३. यात कोणावर अन्याय होतो का? म्हणजे खोटा आरोप, मारहाण, व्यभिचार, फसवणूक, आई-वडिलांची हेळसांड.

एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर तिथे थांबा. तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर ती समाजाची रीत आहे आणि ती पाळायला तुम्ही मोकळे आहात.

रीत आपल्या मातीतली आहे म्हणून ती पाप ठरत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून आणि कीर्तनातून मांडली. त्यांनी मराठी भक्तीचा बाज टाकून दिला नाही. तुमच्या मंडळीतही मावची, भिली किंवा पावरी गीताला ढोलाची साथ असायला हरकत नाही.

सण : कुठपर्यंत जायचं, कुठे थांबायचं

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी साऱ्या सातपुड्याला ठाऊक आहे. रात्रभर ढोल वाजतात, उंच बांबू उभा राहतो आणि पहाटे होळी पेटते. कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेले, मोरपिसांचे टोप घातलेले बावा-बुध्या नाचतात. बघणाऱ्याला सगळं एकच वाटतं, पण आत दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे लोकांचा आनंद. दुसरी म्हणजे नवस : बावा होणारे अनेक जण तो फेडण्यासाठी काही दिवस कडक पथ्यं पाळतात. पहिल्यात सहभागी होता येतं, दुसऱ्यात नाही.

* नवस, होळीची पूजा, नारळ-कोंबडी वाहणं : स्वतः करू नका आणि तुमच्या नावाने दुसऱ्याला करू देऊ नका.
* भोंगऱ्या बाजार, नातेवाइकांची भेट, जेवण, ढोल ऐकणं : मोकळेपणाने जा. दारू आणि भांडण सुरू झालं की निघा.
* देवमोगऱ्याची यात्रा : महाशिवरात्रीला लोक याहा मोगी देवीला नवं धान्य, दारू, कोंबडी वाहायला जातात. हे उघडच अर्पण आहे. सोबतीसाठीही अर्पणाची टोपली डोक्यावर घेऊ नका. मागे घरी राहिलेल्यांची गुरंढोरं आणि लेकरं सांभाळा. ही मदत कुटुंब विसरत नाही.
* वाघदेवाची किंवा गावदेवाची वर्गणी : पैसा कशाला जाणार, ते आधी विचारा. पूजेच्या कोंबडीसाठी असेल तर तेवढा वाटा देऊ नका. त्याच वेळी गावजेवणाचं धान्य, पिण्याचं पाणी, रस्त्याची दुरुस्ती यांपैकी एखादा खर्च उचला, आणि तो वर्गणीपेक्षा थोडा जास्तच असू द्या. म्हणजे पैसे वाचवायला देवाचं नाव पुढे केलं, असं कोणी म्हणणार नाही.
* नव्या पिकाची पूजा : पूजेआधी नवी भाजी खायची नाही, असा गावाचा नेम असेल तर घाईने खाऊन कोणाला डिवचू नका. तुमचं पहिलं पीक मंडळीत आणा. अनुवाद २६ मध्ये पहिल्या उपजाची टोपली देवापुढे ठेवायला सांगितली आहे. शेतकऱ्याच्या घराला अशा दिवसाची गरज असते. जुना दिवस काढून टाकला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर मुलं परत जुन्याकडे वळतात.

सरपंच, पोलीस पाटील आणि सरकारी नोकरीतल्या वाचकांची अडचण वेगळी आहे. भूमिपूजनाला उभं राहावं लागतं आणि हातात नारळ दिला जातो. कार्यक्रमाला जा, कामाचं बोला, नारळ मात्र गावातल्या एखाद्या ज्येष्ठाच्या हातून फुटू द्या. २ राजे, अध्याय ५ मध्ये नामान सेनापती हीच अडचण अलीशा संदेष्ट्यापुढे मांडतो : धन्यासोबत परक्या देवळात जावं लागतं, तेव्हा काय करू? अलीशा त्याला झिडकारत नाही, शांतीने परत पाठवतो. कामासाठी हजर असणं आणि मनाने पूजा करणं यांत फरक आहे.

ताटातलं अन्न आणि दारूची धार

पौलाने १ करिंथकर, अध्याय ८ ते १० मध्ये याचं सरळ उत्तर दिलं आहे :

* बाजारातून आणलेल्या मांसाची चौकशी करत बसू नका.
* जेवायला बोलावलं तर जा आणि समोर येईल ते खा.
* हे देवाला वाहिलेलं आहे, असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. सांगणाऱ्याच्या मनात त्या खाण्याला अर्थ आहे, म्हणून ते सोडायचं.
* रक्ती (शिजवलेलं रक्त) असेल तर प्रेषितांची कृत्ये १५ मधल्या सांगण्याप्रमाणे ती घेऊ नका. भाकरी आणि भाजी घ्या, पंगत सोडून उठू नका.

खरी परीक्षा मयतीच्या किंवा लग्नाच्या बैठकीत असते. पळसाच्या पानाचा द्रोण हातोहात फिरतो. वडीलधारे त्यातली मोहाची दारू पूर्वजांच्या नावाने थोडी जमिनीवर सोडतात, मग घोट घेतात आणि द्रोण पुढे देतात. तुमची पाळी आली की द्रोण दोन्ही हातांनी घ्या, सोडू नका आणि पिऊ नका, शेजारच्या काकांच्या हातात द्या. म्हणा, “काका, आजोबांचा मान माझ्या मनात आहेच. धार मात्र मी सोडत नाही, देवाला तसा शब्द दिलाय.” भाषण नको. मयतीच्या घरी लाकडं फोडायला आणि पाणी भरायला तुम्ही सगळ्यांच्या आधी पोहोचला असाल, तर या एका वाक्यावर कोणी अडून बसत नाही.

दारू न पिणं हे ‘मिशनवाल्यांचं खूळ’ आहे, असं कोणी म्हटलं तर शांतपणे इथला इतिहास सांगा. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरात आणि खानदेशात आदिवासींच्या देवी चळवळीने दारू सोडायला सांगितलं. पुढे तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी आपल्या अनुयायांना व्यसनमुक्तीची वाट दाखवली. त्यांची श्रद्धा वेगळी होती, पण व्यसनाने घरं उद्ध्वस्त होतात हे दुःख तेच होतं. या एका कामात तुम्ही त्यांच्या अनुयायांसोबत उभं राहू शकता.

आजारपण, बुडवा आणि डाकिणीचा आरोप

इथे चूक झाली तर जीव जातो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

घरात कोणी आजारी पडलं की क्रम असा ठेवा : आधी दवाखाना, सोबत प्रार्थना. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून आहे. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १०८ ची रुग्णवाहिकाही आहे. एकत्र कुटुंबातला मोठा भाऊ बुडव्याला बोलवायचं म्हणाला तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, गाडी आणा. पेशंट दवाखान्यात दाखल झाला की अर्धा वाद तिथेच संपतो. उतारा, दाणे पाहणं, दोरा बांधणं यांत मात्र सहभागी होऊ नका. अनुवाद १८ ची मनाई थेट याच गोष्टींना आहे.

ही मनाई चर्चमधल्या बुवाबाजीलाही लागू आहे. तेल लावून गोळ्या बंद करायला सांगणारा प्रार्थनावालाही माणसांची तितकीच हानी करतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. करणारा कोणत्या धर्माचा आहे, हे कायदा पाहत नाही.

आता डाकिणीबद्दल. निर्गम २२ मध्ये चेटूक करणारीला जिवंत ठेवू नये, अशी आज्ञा आहे. काही जण तिचा हवाला देऊन गावातल्या एखाद्या विधवेवरच्या आरोपाला मान डोलावतात. हे घोर पाप आहे. ती आज्ञा प्राचीन इस्राएलच्या न्यायव्यवस्थेतली होती. त्याच नियमशास्त्राने एका माणसाच्या सांगण्यावरून कोणालाही दोषी ठरवायला मनाई केली, दोन-तीन साक्षीदार मागितले आणि खोट्या साक्षीदाराला कठोर शिक्षा सांगितली. सहावी आज्ञा खुनाला आणि नववी खोट्या साक्षीला मनाई करते. बुडव्याने दाणे टाकून घेतलेलं नाव ही साक्ष नव्हे.

असा आरोप कानावर आला तर :

* त्या बाईला त्याच रात्री सुरक्षित घरी हलवा. तिला एकटी ठेवू नका.
* पोलिसांना ११२ वर कळवा. एखाद्याला डाकीण ठरवून छळणं २०१३ च्या कायद्याखाली दंडनीय आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.
* ज्या घरातल्या आजारावरून आरोप झाला, त्या माणसाची तपासणी करून घ्या. आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. पुन्हा पुन्हा उठणाऱ्या हाडांच्या आणि पोटाच्या कळा, कावीळ, थकवा ही त्याची लक्षणं असतात आणि रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आजाराचं नाव कळलं की दोष द्यायला माणूस शोधण्याचं कारण उरत नाही.

लग्न : देज, वय आणि कागद

देज देणं हे मूर्तिपूजन नव्हे. वधूमूल्याची रीत निर्गम २२ मध्येही दिसते. पण देज फेडायला सावकाराकडे जावं लागत असेल, मुलाला ऊसतोडीची उचल घ्यावी लागत असेल किंवा पैशाअभावी जोडपं वर्षानुवर्षं लग्नाशिवाय राहत असेल, तर तो अन्याय आहे. मंडळीच्या वडिलांनी दोन्ही घरांना बसवून रक्कम नाममात्र करावी आणि जेवण साधं ठेवावं. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्याला बाहेर काढण्याऐवजी त्यांचं लग्न लावून द्या. अडथळा पैशाचा असेल तर तो मंडळीने दूर करावा.

एकाच कुळात लग्न न करण्याची जमातीची रीत मोडू नका. लेवीय १८ जवळच्या नात्यात संबंधाला मनाई करतं. तुमची रीत त्याहूनही काटेकोर आहे.

कागदाची बाजू अशी सांभाळा :

* मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण हवा. जन्माचा पुरावा पाहिल्याशिवाय पाळकांनी लग्न लावू नये.
* दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल तरी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावता येतं. लग्न लावणाऱ्याकडे त्या कायद्यानुसार अधिकार किंवा परवाना आहे का, ते आधी विचारा. प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्या.
* धर्म वेगवेगळे ठेवून लग्न करायचं असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचाही मार्ग आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस लागते.
* सोयरिक उच्छल, सोनगढ, सागबारा अशी सीमेपलीकडची असेल आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न असेल, तर गुजरातचा २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती वकिलाकडून समजून घ्या. तिथे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

दाखला, शाळा, ग्रामसभा : तुमचे हक्क

जमातीचा दाखला. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे, आणि दोन्हींची गल्लत केली जाते. मात्र २००४ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, धर्म बदलल्यानंतरही माणूस त्या जमातीचा सदस्य राहिला आहे का, तिच्या चालीरीती पाळतो का, हे पाहावं लागेल. जमातीशी ओळख तपासणारी कसोटी एकमेव निर्णायक नाही, असं याच न्यायालयाने २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या प्रकरणात म्हटलं. म्हणून तुमचं कूळ, नातेसंबंध, बोली आणि लग्नाच्या रीती मुलांना शिकवा. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जुना सातबारा सांभाळून ठेवा. अर्जात धर्माबद्दल खोटं लिहू नका. नववी आज्ञा तहसील कार्यालयातही लागू आहे.

शाळा. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारी मान्यतेच्या किंवा अनुदानाच्या शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मुख्याध्यापकांना वर्षाच्या सुरुवातीलाच नम्र पत्र द्या. ऐन कार्यक्रमात मुलाला वाद घालायला लावू नका.

ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे. तो श्रद्धेच्या स्वातंत्र्याचं कलम २५ रद्द करत नाही. बैठकीला जा, बोला, सही करा. तुमची खुर्ची रिकामी राहिली तर निर्णय तुमच्याशिवाय होतात.

वाळीत टाकणं. पाणी, दुकान, मजुरी किंवा मयत अडवली तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा आहे. तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पीडित किंवा घरचे पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकतात. हा कायदा समाजाने आपल्याच सदस्यावर टाकलेल्या बहिष्काराचा असल्यामुळे, तुम्ही त्याच जमातीचे असल्याचे कागद तक्रारीला जोडा. तारीख, जागा, बोललेले शब्द, साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. आधी पंच आणि तंटामुक्ती समितीमार्फत समेटाचा प्रयत्न करा, पण जिवाला धोका असेल तर वाट पाहू नका.

दफनभूमी. हा विषय मयत घरात असताना काढू नका. बस्तरमध्ये एका पाळकाचा मृतदेह दफनाच्या वादामुळे जानेवारी २०२५ मध्ये कितीतरी दिवस शवागारात राहिला. सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचंही एकमत झालं नाही आणि शेवटी दफन दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत करावं लागलं. तुमच्या गावात जागा ठरलेली नसेल तर यंदाच्याच ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची नक्कल घ्या.

या चुका टाळा

* दुसऱ्यांच्या देवांची निंदा. इफिस शहरात दंगल झाली, तेव्हा पौलाच्या सोबत्यांनी देवीची निंदा केलेली नाही, अशी ग्वाही शहराच्या अधिकाऱ्यानेच दिली. तुमच्याबद्दलही गावाला हेच म्हणता आलं पाहिजे. जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हाही आहे.
* एकत्र घरातला देव्हारा परस्पर काढून टाकणं. ते घर तुमच्या एकट्याचं नाही.
* देवाचं नाव पुढे करून आई-वडिलांचा खर्च टाळणं. येशूने याच ढोंगावर कडक शब्दांत बोट ठेवलं आहे (मार्क ७). म्हातारे आई-वडील पूजा करत असले तरी त्यांची औषधं आणि धान्य तुमची जबाबदारी आहे.
* दोन तोंडांनी वागणं. सभेत नकार आणि रात्री गुपचूप उतारा असं झालं, तर गाव आणि मंडळी दोन्हींचा विश्वास जातो.
* एकमेकांचा न्याय करणं. दुसरा विश्वासणारा ढोलावर नाचतो, तुम्ही नाचत नाही. रोमकर १४ प्रमाणे दोघंही देवाला जाब देणार आहेत. त्याला तुच्छ लेखू नका आणि तुमच्या वागण्याने कच्च्या विश्वासाचा माणूस अडखळू देऊ नका.

पुढच्या सणाआधी एवढं करा

१. नवरा-बायकोने आणि मोठ्या मुलांनी एकत्र बसून ठरवा : काय करणार, काय नाही. घरातच एकमत नसेल तर बाहेर टिकाव लागणार नाही.
२. सणाच्या किमान दोन आठवडे आधी घरच्या ज्येष्ठांना आणि कारभाऱ्यांना भेटा. नकार आधी सांगा. ऐन पूजेत दिलेला नकार अपमान ठरतो.
३. त्याच भेटीत तुम्ही कोणतं काम आणि कोणता खर्च उचलणार, तेही सांगा.
४. जमातीचे कागद, लग्नाचं प्रमाणपत्र, ग्रामसभेच्या ठरावांच्या नकला एका पिशवीत ठेवा.
५. पाळकांना सांगून मंडळीत पहिल्या उपजाचा दिवस ठरवा आणि शेजाऱ्यांनाही जेवायला बोलवा.

पहिल्या वर्षी टोमणे येतील, दुसऱ्या वर्षी प्रश्न येतील. तुम्ही दोन्ही वर्षं तसेच ठाम आणि तसेच मदतीला हजर राहिलात, तर तिसऱ्या वर्षी वर्गणी मागायला येणारी मुलं स्वतःच विचारतील, “काका, यंदा तुमच्याकडे पाण्याची सोय लिहू की धान्याची?”